नाकारलेलं इंजिन आणि महादेवपुरा

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळुरूच्या जुन्या विमानतळावर, म्हणजे एचएएलच्या धावपट्टीवर, ‘नासा’चं एक सी-१३० मालवाहू विमान उतरलं. आठवडाभराचा प्रवास, वाटेत मुक्काम, आणि हा सगळा खटाटोप एका जाळीसाठी. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची ही जाळी अवकाशात उलगडली की १२ मीटर व्यासाची होते. उन्हाच्या तापापासून तिचं रक्षण व्हावं म्हणून कॅलिफोर्नियात तिच्यावर जादा काम केलं होतं. आता ती परत आली होती, ती जिथे उपग्रहावर चढायची होती तिथे: धावपट्टीपासून काही किलोमीटरवर, महादेवपुरा भागातल्या दोड्डनेक्कुंदीजवळच्या इस्रोच्या उपग्रह जुळणी आणि चाचणी केंद्रात.

उपग्रहाचं नाव ‘निसार’. नासा आणि इस्रो यांनी मिळून बनवलेला, सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चाचा. दर बारा दिवसांनी पृथ्वीचा जवळजवळ सगळा भूभाग रडारने पुन्हा न्याहाळायचा आणि जमीन कुठे सेंटिमीटरभर सरकली, कुठे खचली, हे सांगायचं, हे त्याचं काम. ३० जुलै २०२५ ला संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही अग्निबाणाने त्याला कक्षेत पोचवलं.

आता यातली गंमत पाहा. जीएसएलव्हीच्या सर्वांत वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक इंजिन असतं. हे तंत्रज्ञान भारताला मिळू नये म्हणून तीस वर्षांपूर्वी सगळं वजन खर्ची घातलं होतं ते अमेरिकेनेच. तीच अमेरिका आपलं महागडं रडार विमानात घालून महादेवपुऱ्यात आणते आणि त्याच इंजिनाच्या भरवशावर आकाशात सोडते! गंमत इथेही संपत नाही. ज्या दिवशी ‘निसार’ उडाला, त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारतीय मालावर २५ टक्के आयातशुल्क जाहीर केलं. त्याखेरीज रशियाकडून खरेदी करतो म्हणून दंड लावण्याची भाषाही केली. ऑगस्टच्या अखेरीस हा आकडा ५० टक्क्यांवर गेला.

म्हणजे अमेरिका भारताची मित्र की विरोधक? प्रश्नच चुकीचा आहे, हे महादेवपुऱ्याच्या नकाशावर बोट फिरवलं की कळू लागतं.

पश्चिमेला एचएएलची धावपट्टी, तिच्या कडेने मराठाहळ्ळी, मग दोड्डनेक्कुंदी, महादेवपुरा, हूडी, आणि पूर्वेला व्हाइटफील्डचा निर्यात औद्योगिक पट्टा. एका विधानसभा मतदारसंघाएवढा हा टापू. पुण्याकोल्हापुराकडची कितीतरी पोरं-पोरी इथे नोकरीला आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना या भागाबद्दल मुख्यतः दोनच गोष्टी ठाऊक असतात: पगार आणि वाहतूककोंडी. पण गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ, सिंगापूर, जर्मनी आणि चीन यांच्यातल्या चढउतारांनी या जमिनीवर एकावर एक थर चढवले आहेत. ते उलगडत गेलं की एक सूत्र हाती लागतं. मोठ्या देशाची ताकद तो काय देतो यापेक्षा काय अडवू शकतो, यात असते. गावात एकच विहीर असेल तर विहिरीचा मालक पाटलापेक्षा मोठा. दुसरी खणली गेली की तो फक्त एक शेजारी उरतो. महादेवपुऱ्याची गोष्ट ही अशा विहिरी खणण्याची गोष्ट आहे, आणि एक विहीर अजून का लागत नाही, याचीही.

पहिला थर मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद १९३९ साली अमेरिकेहून परतत होते. मोटारींचा कारखाना काढण्याच्या खटपटीसाठी ते तिकडे गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनसाठी विमानं जोडण्याचा कारखाना चालवत होते. जपानशी लढणाऱ्या चीनला ती विमानं हवी होती. वालचंदांच्या डोक्यात तिथेच किडा शिरला: हे भारतात का नाही? एरवी ब्रिटिश सरकारने भारतात विमानकारखाना होऊ दिला नसता. पण युरोपात युद्ध पेटलेलं, ब्रिटनची दमछाक झालेली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी सातशे एकर जमीन आणि २५ लाखांचं भांडवल देऊ केलं, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ कंपनीची, म्हणजे आजच्या एचएएलची, नोंदणी झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं विमान, अमेरिकन आराखड्याचं हार्लो प्रशिक्षण विमान, उडालंसुद्धा.

पण दार उघडलं तरी किल्ली ब्रिटनच्याच खिशात होती. १९४२ मध्ये जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला तेव्हा हिंदुस्थान सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं, आणि १९४३ मध्ये कारखान्याचा ताबा अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे गेला. नवी विमानं बनवण्याचं काम मागे पडलं. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. अस्ताला चाललेली सत्ता आणि उगवती सत्ता यांच्यात एका मराठी मुलखातल्या उद्योजकाचं स्वप्न असं हात बदलत गेलं. त्यातलं एक वळण तर आज वाचताना चक्रावून टाकतं: त्या वेळी अमेरिका बंगळुरूचा वापर चीनला उभं ठेवण्यासाठी करत होती.

स्वातंत्र्यानंतर कारखाना भारताचा झाला, माणसं भारताची झाली. इंजिन मात्र झालं नाही. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक यांना बोलावून बंगळुरूत ‘मरुत’ हे लढाऊ जेट घडवलं गेलं. जून १९६१ मध्ये ते उडालं. आराखडा उत्तम होता. पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन कधी मिळालं नाही आणि ‘मरुत’ आपल्या क्षमतेच्या अलीकडेच अडकून राहिलं. मग सोव्हिएत संघाने मिग-२१ परवान्यासह देऊ केलं आणि नाशिकजवळ ओझरला त्याचा कारखाना उभा राहिला. शीतयुद्धात दोन बाजू असण्याचा भारताला हा फायदा झाला: एकीकडे भाव जमला नाही तर दुसरीकडे जाता येई.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विरघळला आणि हे दुसरं दुकान बंद झालं. क्रायोजेनिक इंजिनाची कथा नेमकी या सांध्यावर घडते.

क्रायोजेनिक म्हणजे अतिशीत. हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना थंड करून द्रवरूपात ठेवायचा आणि दोघांना इंजिनात जाळायचं. किलोमागे जो जोर या जोडीतून मिळतो तो इतर प्रचलित रासायनिक इंधनांतून मिळत नाही, म्हणून दोन-अडीच टनांचे दळणवळण उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीच्या वाटेला लावायचे तर ते जवळजवळ अपरिहार्य. अडचण अशी की एकाच यंत्रात एका टोकाला धातू ठिसूळ करणारी थंडी आणि दुसऱ्या टोकाला हजारो अंशांची आग, मध्ये मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणारे पंप. जे देश हे जमवू शकत होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१९९१ च्या जानेवारीत इस्रोने मॉस्कोच्या ‘ग्लावकॉसमॉस’शी इंजिनं आणि तंत्रज्ञान दोन्हींचा करार केला. अमेरिकेने हरकत घेतली: हे क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेविरुद्ध आहे. भारतीय शास्त्रज्ञांचं उत्तर साधं होतं. जे इंधन सोडण्याच्या काही तास आधी भरावं लागतं आणि साठवून ठेवता येत नाही, त्यावर कोण क्षेपणास्त्र चालवील? मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवर दोन वर्षांचे निर्बंध लादले. रशियाला मिळणारी आर्थिक मदत या सौद्याशी बांधण्यासाठी सिनेटमध्ये जो बायडेन यांनी जोर लावला होता. कंगाल झालेल्या रशियाला डॉलर हवे होते. १९९३ मध्ये त्याने माघार घेतली: तयार इंजिनं देऊ, ती बनवण्याची विद्या नाही.

सत्तेची यंत्रणा कशी चालते ते इथे अगदी उघडं दिसतं. अमेरिकेने भारतावर थेट दाब टाकला तो थोडा. खरा दाब पडला तो भारताला देणाऱ्यावर. प्रस्थापित महासत्तेचं बळ असंच दुसऱ्याच्या हातांतून चालतं: कर्जाच्या अटी, परवाने, बंदीच्या याद्या. आजही ते असंच चालतं.

इस्रोने सात तयार इंजिनं घेतली आणि आठवं स्वतः करायला बसली. रशियन इंजिनावरचा पहिला जीएसएलव्ही २००१ मध्ये उडाला. स्वदेशी इंजिनाचा पहिला प्रयत्न एप्रिल २०१० मध्ये फसला. ५ जानेवारी २०१४ ला तो साधला. नकारापासून यशापर्यंत वीस वर्षं. दरम्यान जगाचा तोलही सरकला होता. भारत-अमेरिका अणुकरार २००८ मध्ये झाला, जानेवारी २०११ मध्ये इस्रोच्या संस्था अमेरिकेच्या बंदीच्या यादीतून निघाल्या, आणि २०१६ मध्ये भारत त्याच क्षेपणास्त्र-नियंत्रण व्यवस्थेचा सदस्य झाला जिचं नाव पुढे करून त्याला अडवलं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकन हवाई दलाचं विमान ‘निसार’चं रडार घेऊन बंगळुरूत उतरलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जो बायडेन.

यात कुणाचं मन बदललं असं समजण्याचं कारण नाही. बदलली ती किंमत. भारताने इंजिन केल्यावर ते नाकारण्याला काही मोल उरलं नव्हतं. आणि दुसरीकडे चीन इतका वाढला होता की भारताला लांब ठेवणं अमेरिकेला परवडेना. एक सत्ता उगवते तेव्हा ती मधल्या देशांचा भाव वाढवते. दोघांनाही हवा असलेला देश दोघांशीही घासाघीस करू शकतो.

हाच हिशेब धाकट्या सिंगापुरानेही मांडला होता, आणि त्याचा थर पाहायला आपल्याला पूर्वेला व्हाइटफील्डकडे सरकावं लागेल. १९९१ मध्ये सोनं गहाण टाकावं लागलेल्या भारतात पंतप्रधान होते रामटेकचे माजी खासदार नरसिंह राव. सोव्हिएत बाजारपेठ गेली, पाश्चात्त्य भांडवल कुंपणावर. तेव्हा त्यांनी आग्नेय आशियाकडे मोहरा वळवला. १९९२ मध्ये राव आणि सिंगापूरचे पंतप्रधान गोह चोक टोंग यांच्या बोलण्यातून बंगळुरूत तंत्रज्ञान उद्यान काढण्याची कल्पना पुढे आली. १९९४ च्या प्रजासत्ताक दिनाला गोह प्रमुख पाहुणे होते आणि त्याच वर्षी कंपनी उभी राहिली: सिंगापूरच्या कंपन्यांचा गट ४० टक्के, टाटा ४० टक्के, कर्नाटक सरकारचं औद्योगिक मंडळ २० टक्के. हेच आयटीपीएल, ज्याचं नाव आज तिथल्या रस्त्यालाही आहे आणि बसच्या पाटीवरही. विजेचा भरवसा नसलेल्या शहरात स्वतःचं वीजकेंद्र असलेली जागा, हे तेव्हाचं तिचं मोठं आकर्षण होतं.

पण १९९४ च्या फेब्रुवारीत सिंगापूरने आणखी एक करार केला होता: चीनमध्ये सुझोऊ औद्योगिक नगरी वसवण्याचा. एकाच वर्षी एका चिमुकल्या देशाने आशियातल्या दोन्ही भावी दिग्गजांच्या अंगणात पाय रोवले! सुझोऊची नगरी आयटीपीएलच्या शेकडो पट मोठी, कारण चीन एका हुकमात जमीन देऊ शकत होता. मात्र तिथे स्थानिक सत्तेशी ओढाताण झाली आणि २००१ मध्ये सिंगापूरने बहुसंख्य वाटा चिनी बाजूला देऊन आपला ६५ वरून ३५ टक्क्यांवर आणला. बंगळुरूत वाढ हळू झाली. पण इथे उलट घडलं, पुढे सिंगापूरच्या बाजूचाच हिस्सा वाढत गेला. कुठलाही एक घोडा हरला तरी चालेल असा हा डाव होता. मोठ्यांच्या मधोमध राहणाऱ्या छोट्यांचं परराष्ट्र धोरण बहुतेकदा असंच असतं, आणि ते भाषणांत कमी, भागभांडवलाच्या टक्क्यांत जास्त वाचायला मिळतं.

दार उघडल्यावर बाकीचेही आले. जर्मनीच्या सॅपचं संशोधन केंद्र १९९८ मध्ये सुरू झालं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने, म्हणजे जीईने, २००० मध्ये इथे जॉन वेल्च यांच्या नावाचं तंत्रज्ञान केंद्र उघडलं; अमेरिकेबाहेरचं त्यांचं असं हे पहिलं. आणि चीनच्या हुआवेने १९९९ पासून बंगळुरूत संशोधन चालवलं होतं. २०१५ मध्ये तिने व्हाइटफील्ड भागात १७ कोटी डॉलर खर्चून पाच हजार अभियंत्यांची सोय असलेलं मोठं आवार उभं केलं. एकमेकांच्या राजधान्यांत ज्यांच्यावरून भांडणं व्हायची अशा कंपन्या एकाच रस्त्याच्या कोंडीत अडकलेल्या, आणि कामाला मुलं एकाच महाविद्यालयांतली.

चिनी थराची गोष्ट क्रायोजेनिकच्या उलट्या बाजूने वाचायला हवी, कारण इथे अडवणारा भारतही आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेला निर्बंधांच्या यादीत टाकलं. एप्रिल २०२० मध्ये भारताने सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. १५ जूनला गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० भारतीय जवान शहीद झाले, दोन आठवड्यांत ५९ चिनी ॲपवर बंदी आली, आणि मे २०२१ मध्ये ५जी चाचण्यांची परवानगी जाहीर झाली तेव्हा त्यात हुआवे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांचं नाव नव्हतं. चार हजार मीटर उंचीवरच्या एका नदीकाठच्या रात्रीचे पडसाद समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या व्हाइटफील्डपर्यंत पोचले ते असे, परवान्यांच्या कागदातून. बाजारपेठ मोठी असेल तर तीसुद्धा अडवण्याचं हत्यार होते, हे भारताला या वेळी उमगलं.

आणि तरीही एक विहीर कोरडीच आहे. १९८४ मध्ये हलक्या लढाऊ विमानासाठी, म्हणजे आजच्या ‘तेजस’साठी, बंगळुरूत स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना काम अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यांनी ती प्रणाली बंगळुरूत पूर्ण केली आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडालं. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने नाकारलेल्या महासंगणकाला १९९१ मध्ये ‘परम’ने उत्तर दिलं होतं, त्याच जातीचं हे यश. पण इंजिन? ‘कावेरी’ हे स्वदेशी जेट इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं. ‘तेजस’ला ते लागू शकलं नाही. आजही ‘तेजस’ जीईच्या एफ-४०४ इंजिनावर उडतं. २०२१ मध्ये ७१ कोटी ६० लाख डॉलरना मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं हाती आलं ते मार्च २०२५ मध्ये. उशीर राजकारणामुळे नव्हता. कित्येक वर्षं बंद पडलेली उत्पादनाची साखळी पुन्हा जुळवायला वेळ लागला. पण परिणाम तोच: बंगळुरूत विमानांचे सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट.

यातला चमत्कारिक भाग असा की जीईच्या व्हाइटफील्डमधल्या केंद्रात भारतीय अभियंते विमान-इंजिनांच्या रचनेवर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत, आणि काही किलोमीटरवर एचएएल त्याच कंपनीच्या इंजिनाची वाट पाहत बसते. बुद्धी इथली, मालकी तिथली. अभियंता कुठे बसतो यावरून विद्या कोणाची हे ठरत नाही. आराखड्याचा हक्क, धातूची कृती आणि निर्यातीचा परवाना कुणाकडे आहे, यावरून ठरतं. जेट इंजिनाची पाती स्वतःच्या वितळणबिंदूहून तप्त वायूत फिरतात; ती कशी ओतायची आणि कशी थंड ठेवायची हे गुपित कुठलाही देश सहजासहजी वाटून घेत नाही.

मात्र सेवांच्या व्यापाराचा स्वभाव वेगळा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने मालावर शुल्क लावलं, पण तारांतून जाणाऱ्या कामावर जकातनाका बसवणं कठीण. सप्टेंबरात नव्या एच-१बी व्हिसाअर्जांवर एक लाख डॉलरचा आकार आला. तो माणसाला अडवतो. त्याच माणसाने महादेवपुऱ्यात बसून केलेल्या कामाला नाही. उलट अशा प्रत्येक भिंतीमुळे इथली केंद्रं वाढवण्याचं एक कारण तयार होतं.

ओझरकडेही एकदा पाहावं. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, मिगसाठीच उभारलेल्या नाशिकच्या कारखान्यातून पहिलं ‘तेजस मार्क-१ए’ उडालं: आराखडा बंगळुरूचा, इंजिन अमेरिकेचं, जागा सोव्हिएत काळाची.

तेव्हा महासत्तांच्या बातम्या वाचताना कोण कुणाच्या गळ्यात पडलं, यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. अडवता येईल अशी वस्तू कोणती? ती मिळण्याचं दुसरं दार आहे का? आणि ती स्वतः करायला किती वर्षं लागतील? ॲपच्या बाबतीत तिसरं उत्तर महिन्यांत येतं, क्रायोजेनिकच्या बाबतीत ते वीस वर्षांनी आलं, जेट इंजिनाच्या बाबतीत साडेतीन दशकांनंतरही यायचं आहे. मैत्रीचे करार आणि आयातशुल्काच्या धमक्या या उत्तरांच्या मागून चालत येतात. पुढचा नकार कुठल्या राजधानीतून येईल हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तो येईल त्या दिवशी वीस वर्षांचं काम अर्ध्यावर आलेलं असेल की अजून सुरूच करायचं असेल, हे मात्र आज ठरत असतं.